कातळावरच्या बागेसाठी जुनी एमएम ५४०: आधी काय दुरुस्त करावे आणि किती बदलावे?

कातळवाट (देवगड तालुका)

नमस्कार. आमच्या घरी १९९३ सालच्या नोंदणीची महिंद्रा एमएम ५४० आहे. वडिलांनी ती जुनीच घेतली होती आणि आंब्याच्या हंगामात सड्यावरच्या बागेतून पेट्या खाली आणण्यासाठी तिचा वापर होत असे. वडिलांचे गुडघे दुखू लागल्यापासून, म्हणजे गेली आठ वर्षे, ती मांगराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. मी मुंबईहून कायमचा गावी आलो असून बाग पुन्हा स्वतः करायची ठरवली आहे, त्यामुळे या गाडीचा प्रश्न आता टाळता येत नाही.

वाट कशी आहे ते सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. पहिला पाऊण किलोमीटर चिरेखाणीच्या ट्रकांनी खोल चाकोऱ्या पाडलेला लाल मातीचा रस्ता आहे. पुढे एक व्हाळ लागतो, जो मे महिन्यात कोरडा असतो आणि जुलैमध्ये गुडघाभर वाहतो. त्यानंतर सुमारे दोनशे मीटरची उभी घाटी असून तिच्यावरची माती वाहून गेल्यामुळे जांभा दगड पायऱ्यांसारखा उघडा पडला आहे. ती चढली की सपाट कातळ आणि मग आमची कलमे. भाड्याचे पिकअपवाले व्हाळापर्यंत येतात आणि तिथून हात जोडतात.

गाडीची अवस्था अशी: इंजिन मूळचेच, प्यूजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० डिझेल आहे. अजून सुरू करून पाहिलेले नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कुजून खालची जमीन दिसते. पुढच्या डाव्या कमानीचा (पाट्यांच्या स्प्रिंगचा) एक पाटा तुटलेला आहे. गाडी चालू होती तेव्हा ताशी पंचेचाळीसच्या पुढे गेली की पुढची चाके थरथरू लागत आणि स्टिअरिंग हातात राहत नसे. फोर-व्हीलचा गिअर शेवटचा कधी टाकला होता हे वडिलांनाही आठवत नाही.

माझ्या आतेभावाचे म्हणणे असे की, हिला चार इंच उचलावी, एकतीस इंची टायर घालावेत आणि विंच (गाडी ओढून काढणारी तारेची चरखी) व स्नॉर्केल (इंजिनाला पाण्याच्या वरून हवा देणारी उंच नळी) बसवावे, म्हणजे कुठेही अडणार नाही. माझ्याकडे सगळे मिळून अडीच लाख रुपये आहेत. या रकमेत सुरुवात कुठून करावी आणि कोणते बदल आमच्या वाटेला खरोखर उपयोगी पडतील, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे.

जुनापाना (चिपळूण)

एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षे झाली. त्यानंतर घरच्या अंगणात अशा गाड्या उघडून बसणे हाच उद्योग आहे. तुम्ही वाटेचे वर्णन नीट केलेत, हे बरे झाले. बहुतेक लोक फक्त टायरचा फोटो टाकतात.

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरी जोडून सेल्फ मारू नका. आठ वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. हीटर प्लग काढा, त्या भोकांतून थोडेथोडे इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. दोन फेरे मोकळे फिरले तर निम्मी काळजी मिटली. टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढून टाका, कारण आपल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी साठते, त्यात शेवाळासारखा चिकट गाळ धरतो आणि तो थेट पंपाकडे जातो. टाकी उतरवून आतून पाहा. गंज असेल तर साफ करून घ्या, नाहीतर नवे फिल्टर आठ दिवसांत तुंबतील. प्लग काढलेलेच ठेवून आणि पंपाचा स्टॉप ओढून सेल्फवर इंजिन थोडे फिरवा, ऑइलचे प्रेशर आले की मगच प्लग बसवून सुरू करा. त्याआधी ऑइल, फिल्टर, कूलंटचे सगळे रबरी पाइप आणि फॅनबेल्ट बदललेले असावेत. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली निघाली तर घाबरू नका, ते नेहमीचेच आहे.

दुसरे, ब्रेक. चारही चाकांचे ड्रम उघडा. व्हील सिलिंडर आतून गंजून अडकलेले असणारच. रबरी किट बदलून भागेल की सिलिंडर नवे लागतील, हे उघडल्यावरच कळेल. लोखंडी ब्रेक पाइप नखाने खरवडून पाहा आणि शंका आली तरी बदला. दोनशे मीटरच्या उभ्या घाटीवरून पेट्या भरून उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर काटकसर करू नये.

तिसरे, ती थरथर. यावर बाजारात एकच उपाय सांगतात, तो म्हणजे स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा दांडा. डॅम्परने थरथर दबते, पण जे झिजले आहे ते झिजतच राहते. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, चाक वरून आणि खालून धरून हलवा. खडखड हालचाल जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे; तरीही राहिली तर किंगपिनची (ज्या खिळ्यावर चाक डावी-उजवीकडे वळते त्याची) बेअरिंग गेली आहेत. मग चाक डावीकडून-उजवीकडून हलवून टायरॉडचे (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांडीचे) एंड पाहा. त्यानंतर कमानीचे बुश आणि शॅकल (कमान चॅसीला टांगणारी कडी). तुमच्या गाडीचा पाटाच तुटलेला असल्यामुळे अ‍ॅक्सल एका बाजूने किंचित मागे सरकला असण्याचीही शक्यता आहे. मी आजवर पाहिलेल्या अशा गाड्यांत थरथरीचे कारण बहुधा एक नसते. तीन-चार ठिकाणची थोडी थोडी झीज एकत्र येते, आणि एकच भाग बदलून लोक निराश होतात.

आता फोर-व्हीलबद्दल, कारण याविषयी गैरसमज फार आहेत. या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसते. फोर-व्हील टाकले की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत हा फरक चाके घसरून भरून निघतो, पण डांबरावर तो निघायला जागा नसते आणि सगळा ताण ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी), क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि अ‍ॅक्सलमध्ये पीळ होऊन साठतो. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचे नाही, आणि याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत, असे आपल्याकडे सर्रास चालते. तसे करू नका. गाडी चालू झाल्यावर शेतातल्या भुसभुशीत मातीत फोर-व्हील आणि लो गिअर टाकून पाहा; लिव्हर अडकली तर ती ओढून वाकवू नका, बहुधा तिचे सांधे गंजलेले असतात आणि तेल दिल्यावर मोकळे होतात.

अडीच लाख रुपयांत हे सगळे नीट होईल. एवढे करून काय शिल्लक राहते ते पाहून मग बदलांचे बोलू.

घाटवळण (कोल्हापूर)

जुनापाना काकांनी सांगितलेले सर्व मान्य आहे, पण मी थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्याकडे जिप्सी आहे. तिच्या कमानी अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवल्या आहेत, त्यामुळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि शॅकल न वाढवताही गाडी चांगलीच उचलली गेली. उघड्या जांभ्याच्या पायऱ्यांवर मूळ उंचीची ५४० पोटावर टेकेल, अशी मला भीती वाटते. माझ्या मते टायर मोठे आणि कमान वर, हा बदल एकदाच करून टाकावा. इंजिनमध्ये दम नसेल तर नंतर दुसरे इंजिन बसवण्याचाही विचार करता येईल. आधी सगळे मूळ स्थितीत आणायचे आणि मग तेच पुन्हा उघडायचे, यात मजुरी दुप्पट जाते.

जुनापाना (चिपळूण)

घाटवळण यांचा मजुरीचा मुद्दा बरोबर आहे, बाकीच्याशी मी सहमत नाही. कारण सविस्तर सांगतो.

अखंड अ‍ॅक्सल असलेल्या गाडीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे डिफरेन्शियलचे हाऊसिंग, आणि ते अ‍ॅक्सलबरोबर चाकांच्या मध्यावर लटकलेले असते. कमान वर नेल्याने चॅसी उचलली जाते. हाऊसिंग होते तिथेच राहते. ते उचलणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायर. मूळचा ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंचीचा असतो. त्याजागी एकतीस इंची घातला तर व्यासात अडीच इंच वाढले, पण जमिनीपासून हाऊसिंग उचलले गेले त्याच्या निम्मे, म्हणजे सव्वा इंच. या सव्वा इंचासाठी गिअरिंग सुमारे नऊ टक्क्यांनी लांबले, म्हणजे त्याच चढाला इंजिनवर तेवढा जास्त भार आला. स्पीडोमीटर पंचावन्न दाखवील तेव्हा गाडी साठने धावत असेल. जड चाकांचा मार किंगपिन आणि बेअरिंगवर येईल तो वेगळाच, आणि या गाडीचे दुखणे आधीच तिथे आहे.

कमान वर बसवल्याचे परिणाम गाडी उचलण्यापुरते राहत नाहीत. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे रबरी होज तोकडे पडतात. स्टिअरिंगची दांडी तिरकी झाल्याने खड्ड्यात गाडी आपोआप एका बाजूला ओढते. आणि जोर लावला की अ‍ॅक्सल कमानीसकट पिळतो. हे सर्व सुधारणारे चांगले कारागीर आहेत, पण प्रत्येक सुधारणेला पैसे लागतात. तुमची गाडी रिकामी फिरणार नाही. तिच्यावर पेट्यांची थप्पी असणार, म्हणजे वजन आधीच उंच. घाटीत एक चाक पायरीवर आणि दुसरे चाकोरीत असताना चार इंच उचललेली अरुंद गाडी किती आडवी होते, ते मी पाहिले आहे. माणसे वाचली, आंबे गेले.

माझे मत असे: दोन्ही पुढच्या कमानी नव्या घ्या, मागच्या उतरवून पाटे वेगळे करा, गंज काढा, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधा. तीस वर्षांत बसलेली कमान मूळ वळणावर आली की गाडी आपोआप इंच-दीड इंच वर येते, आणि मोकळे पाटे सरकू लागल्याने चाक खड्ड्यात खाली उतरते व जमीन सोडत नाही. चाकाने जमीन न सोडणे हेच तर हवे आहे, कारण साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक अधांतरी गेले की ते नुसते गरगरते आणि दुसरे स्वस्थ उभे राहते.

टायरसाठी ६.००-१६ चे अरुंद लग टायरच (जाड, खोल नक्षीचे) घ्या. रुंद टायर वाळूत तरंगतो, हे खरे आहे. तुमच्या वाटेला मात्र चार-सहा इंच चिखल आणि त्याखाली टणक कातळ आहे. तिथे अरुंद टायर चिखल कापून कातळाला भिडतो आणि रुंद टायर वरच घसरत राहतो. चिखलाच्या तुकड्यापुरती हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली तर पकड वाढते, पण घाटीच्या आधी पुन्हा भरा. जांभ्याची कड सुरीसारखी असते आणि मऊ टायरची बाजू ती सहज फाडते. हवेचा छोटा पंप गाडीत कायम असू द्या.

खारावारा (वेंगुर्ला)

मी होड्यांच्या इंजिनांचे काम करतो. गाड्या हा शौक आहे. गंजाबद्दल अजून कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो.

पायाखालचा पत्रा कुजला आहे हे दिसते, पण खरी तपासणी चॅसीची करायला हवी. देवगडसारख्या ठिकाणी खारा वारा वर्षभर असतो आणि पावसाळ्याचे चार महिने लोखंड सुकतच नाही. बॉडी चॅसीला जिथे बोल्टने बसते ती ठिकाणे, कमानीचे हँगर, आणि मागच्या चाकांच्या वरचा भाग, जिथे लाल माती साठून ओली राहते, ही तीन ठिकाणे हातोडीने ठोकत जा. टणत्कार आला तर लोखंड आहे. बद्द आवाज आला तर आत भुगा आहे. कुजलेल्या जागेवर पत्र्याचा तुकडा चिकटवून वेल्डिंग करणारे पुष्कळ भेटतात. तसे न करता निरोगी लोखंडापर्यंत कापून, त्याच जाडीची पट्टी तिरक्या टोकांची करून बसवावी, कारण चॅसीवर सरळ उभ्या वेल्डच्या रेषेतच पुढे तडा जातो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवून बाजूला ठेवा आणि डिझेलची टाकी तर उतरवलेलीच असावी.

बॉडी उतरवली तर सँडब्लास्टिंग करून घ्या, पण एक काळजी घ्या. चॅसीवर ठोकलेला नंबर आधी शोधा आणि त्यावर जाड टेप व रबर बांधा. ब्लास्टिंगमध्ये किंवा ग्राइंडरखाली नंबर पुसट झाला तर आरटीओत त्याचा पेन्सिलचा ठसा उमटत नाही आणि मग स्वतःचीच गाडी स्वतःची असल्याचे सिद्ध करत बसावे लागते. ब्लास्टिंगनंतर त्याच दिवशी झिंकचा प्रायमर मारा; आपल्याकडे उघडे लोखंड एका रात्रीत पिवळे पडते. चॅसीच्या पोकळ भागात बाहेरून रंग पोहोचत नाही, तिथे नळीने मेण किंवा घट्ट तेल फवारावे आणि पाणी निघून जायची खालची भोके मोकळी ठेवावीत. बरेच जण ती भोके गळती समजून बुजवतात.

आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात आणि काही जण तेच गाडीच्या पोटालाही लावतात. ते टिकते, मीही लावले आहे, पण कातडीला लागले तर भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे. वापरलेले इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत मात्र मला पसंत नाही, कारण त्याने कमानीचे आणि ब्रेकचे रबर फुगते व सगळा चिखल तिथेच चिकटून राहतो.

आणखी एक विनंती. गाडी तयार झाली की ती पुळणीवर नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरती येईपर्यंत निघत नाही, आणि खाऱ्या पाण्यात एकदा बुडालेली गाडी नंतर वर्षभर रोज एक नवे दुखणे काढते. दुसरे असे की, नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, आमच्याकडचे वायंगणी ही त्यांची ठिकाणे आहेत. चाकांखाली वाळू दबून घरटी चिरडतात, आणि एरवी समुद्राकडे जाणारे इवलेसे पिल्लू चाकाच्या खोल चाकोरीत पडले तर बाहेर येऊ शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे.

एमएच०७

कागदांकडे आधी पाहा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. आपली गाडी आठ वर्षे उभी असल्याने नूतनीकरण बहुधा राहिलेले असेल. विलंब शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची बंदी दिल्ली व तिच्या परिसरापुरती आहे. ती महाराष्ट्रात लागू आहे असे सांगून गाडी मातीमोल भावाने मागणारे दलाल येतील, त्यांना दाराबाहेर ठेवा.

बदलांच्या बाबतीत मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ महत्त्वाचे आहे. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पुढे लावायच्या लोखंडी बुलबारवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदीचे आदेश दिले आहेत. आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हे सगळे बदल मोजत बसते, हे विसरू नये. गाडी मूळ स्वरूपात दुरुस्त करून आधी पासिंग करून घेणे, हा सरळ मार्ग आहे.

कातळवाट (देवगड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. एकतीस इंची टायर आणि कमान वर नेण्याचा विचार सोडून दिला आहे. आतेभाऊ थोडा नाराज आहे. दोन शंका उरल्या आहेत. व्हाळातून जाण्यासाठी स्नॉर्केल लागेल का? आणि विंच घ्यावी का? घाटीत अडकलो तर हाक ऐकायला कोणी नसते.

जुनापाना (चिपळूण)

गुडघाभर पाण्यासाठी स्नॉर्केल लागत नाही. एअर क्लीनरपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक जोड हवाबंद नसेल तर स्नॉर्केल ही नुसती शोभा असते. पाण्याचा खरा शिरकाव दुसरीकडून होतो, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अ‍ॅक्सलच्या हाऊसिंगवर हवेसाठी एक बारीक ब्रीदर असतो. गाडी चालून हाऊसिंग तापलेले असते. ते एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढू पाहते. ब्रीदर मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत जाते. तो बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी ओढले जाते, आणि पाण्याखाली असेल तर तो स्वतःच पाणी पितो. शेडमध्ये उभ्या गाडीच्या अशा भोकात कुंभारमाशी मातीचे घर करते, हे मी अनेकदा पाहिले आहे. दोन्ही हाऊसिंगचे, तसेच गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर असतील तर तेही, साफ करा, त्यांना डिझेलची रबरी नळी जोडा आणि तिचे टोक बॉनेटखाली शक्य तितके उंच नेऊन खाली वळवून बांधा. पाण्यासाठी गाडीत करायचा याहून स्वस्त आणि याहून उपयोगी बदल मला माहीत नाही. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हाऊसिंगचा प्लग उघडून बोटाने तेल पाहा. ते चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे आणि तेल त्याच दिवशी बदलायला हवे.

व्हाळ ओलांडताना आधी काठी घेऊन चालत जा, कारण लाल गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि कातळात रांजणासारखे खड्डे असतात. पाणी मांडीला लागले किंवा पायाला ओढ जाणवली तर त्या दिवशी बागेत जाऊ नका. लो गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, क्लच न दाबता जा. इंजिन पाण्यात बंद पडले तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि हीटर प्लग काढून हाताने फिरवा. पलीकडे गेल्यावर थोडे अंतर ब्रेक हलका दाबून चला, म्हणजे ड्रम सुकतील. ओले ड्रम धरत नाहीत आणि परतीच्या वाटेवर घाटीचा उतार आहे, याची आठवण ठेवा.

घाटवळण (कोल्हापूर)

ब्रीदरचा मुद्दा मी माझ्या जिप्सीत अनुभवून शिकलो, एका मागच्या पिनियनच्या किमतीत. काकांचे हे ऐकाच.

विंचबद्दल सांगतो. ती निवडताना भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ओढण्याची क्षमता धरतात. तेवढी इलेक्ट्रिक विंच पूर्ण जोरावर काहीशे अँपिअर ओढते; जुना अल्टरनेटर आणि एक साधी बॅटरी फार वेळ पुरत नाही. शिवाय चाळीसेक किलो वजन नाकावर येते, तेही नव्या कमानींवर. वर्षातून दोनदा अडकणाऱ्या गाडीला हाताने चालवायचे टिर्फर (दांडा हलवून तार ओढणारे यंत्र) पुरे, किंवा चांगली चेनकप्पी आणि लांब दोर. कातळावर दोर बांधायला झाड नसते, पण आपल्या घाटीच्या कडेला ऐन-किंजळ असतीलच. खोडाला रुंद पट्टा गुंडाळा, तार थेट बांधाल तर साल कापली जाईल. ताणलेल्या तारेवर ओले गोणपाट टाका आणि तिच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका. तार तुटली की ती गोणपाटामुळे खाली पडते, नाहीतर माणसाला कापत जाते. आणि चॅसीला पुढे-मागे दोन मजबूत हूक मात्र आताच, वेल्डिंगचे काम चालू असतानाच, योग्य बोल्टने बसवून घ्या. बंपरला दोर बांधलात तर बंपरच निघून येईल.

कातळवाट (देवगड तालुका)

पाच महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

इंजिन तिसऱ्या दिवशी मोकळे फिरले. पंप आणि नोझल तपासायला द्यावे लागले, टाकी साफ करून घेतली. थरथरीचे कारण काकांनी सांगितल्याप्रमाणे एक नव्हतेच: दोन्ही बाजूंच्या किंगपिनची बेअरिंग, टायरॉडचे दोन एंड आणि तुटलेल्या पाट्यामुळे सरकलेला अ‍ॅक्सल, सगळे एकदम निघाले. आता साठवरही स्टिअरिंग स्थिर आहे, अर्थात साठने जावे असा रस्ता आमच्याकडे नाही. चॅसी दोन ठिकाणी कापून जोडली. ड्रायव्हरच्या बाजूचा तळ नव्या पत्र्याचा केला. चॅसीचा नंबर टेपखाली सुरक्षित राहिला आणि पासिंगच्या वेळी ठसा पहिल्या खेपेला उमटला. लग टायर पाच घेतले. टिर्फर कोल्हापूरहून आणले. शेवटी सव्वा दोन लाखांच्या थोडे वर गेलो, आणि उरलेल्या पैशांतून वडिलांच्या बसण्यासाठी पुढची डावी सीट नवीन शिवून घेतली.

मागच्या हाऊसिंगचा ब्रीदर उघडला तेव्हा त्यात खरोखर कुंभारमाशीची माती होती, खडूसारखी घट्ट.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा भर पाण्यातून व्हाळ ओलांडला. लो गिअरमध्ये दुसऱ्यावर घाटी चढली, चौथ्या पायरीवर पोट एकदा घासले, पण थांबली नाही. वडील शेजारी होते. वर पोहोचेपर्यंत ते काही बोलले नाहीत, वर गेल्यावर म्हणाले की, पूर्वी ही पहिल्यावर चढायची. काल दोन्ही हाऊसिंगचे तेल पाहिले. मागचे स्वच्छ आहे. पुढचे किंचित धुरकट वाटते, दुधाळ म्हणता येणार नाही. बदलावे की अजून एक महिना पाहावे?

जुनापाना (चिपळूण)

बदला. आणि पुढच्या डाव्या चाकाच्या आतले सील पाहा, किंगपिनचे काम करताना तेच बहुधा दुमडले गेले असेल.